वास खाणारा भुसा

खामखेडीच्या निंबा बच्छावला कंपनीने नोकरीवर घेतलं ते त्याच्या नाकासाठी. नेमणूकपत्रावर 'क्षेत्रीय गंध निरीक्षक' असं छापलं होतं. पण गावात पदनामं टिकत नाहीत. दोन दिवसांत सगळे त्याला 'कंपनीचं नाक' म्हणू लागले आणि निंबानेही ते मनावर घेतलं नाही. काम सोपं होतं. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला प्लांटच्या कुंपणाला फेरी मारायची, बारा खांबांपाशी थांबून श्वास घ्यायचा आणि वहीत शून्य ते पाच यांतला एक आकडा लिहून खाली सही करायची. शून्य म्हणजे वास नाही. पाच म्हणजे इथे उभं राहवत नाही.

ही नोकरी त्याला वशिल्याने मिळाली नव्हती, हे त्या तालुक्यात मुद्दाम सांगावं लागतं. बच्छावांच्या घरात नाक पिढीजात होतं. निंबाचा बाप कांद्याच्या चाळीला बाहेरून एक चक्कर मारून सांगायचा, तिसरा कप्पा, डावं अंग, खालून हातभर वर, तिथे सड धरलीय. चाळ फोडली की सड तिथेच निघायची. आणि विहिरीचा गाळ काढायचा असो की शेणाची टाकी उपसायची असो, माणूस आत सोडण्याआधी बच्छावांकडे बोलावणं जायचं. बच्छाव काठावर पालथा पडून तीन श्वास घ्यायचा आणि 'उतरा' म्हणायचा, नाहीतर 'थांबा'. त्याबद्दल एक नारळ. साठ वर्षांत खामखेडीत आत उतरलेला माणूस परत वर आला नाही असं घडलं नव्हतं. आजूबाजूच्या गावांत घडलं होतं. तिथे बच्छाव नव्हते.

कंपनीचं नाव हरितश्वास. तिचा बायोगॅसचा प्लांट गावाच्या वरच्या अंगाला होता आणि त्यात रोज ट्रक भरभरून कोंबड्यांची विष्ठा, सडका कांदा, डाळिंबाच्या साली आणि नाशिकच्या हॉटेलांतलं उष्टं जायचं. त्यातून निघणाऱ्या गॅसवर एसट्या धावायच्या. ज्या मिथेनवर त्या धावायच्या त्याला वास नसतो. वास असतो तो त्याच्याबरोबर फुकट येणाऱ्या मंडळींना, त्यांतही गंधकवाल्या वायूंना. सडक्या अंड्याचा म्हणतात तो वास. पहिली पाच वर्षं खामखेडीने तो वास खाल्ला, प्याला, अंथरुणात घेतला. मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा अर्धा टाकून 'कळवतो' म्हणायचे. रास्ता रोको झाले, निवेदनं झाली. एक अधिकारी तपासाला आला, नाकाला रुमाल लावून तासभर हिंडला आणि वास आढळला नाही असा अहवाल देऊन गेला. शेवटी तोडगा निघाला तो असा, की यंत्राच्या आकड्यावर गावाचा विश्वास नाही आणि गावाच्या तक्रारीवर कंपनीचा नाही, तर मध्ये बच्छावांचं नाक ठेवावं. ते सांगेल ते दोघांनी मान्य करावं.

पहिलं वर्ष निंबाने तीन आणि चार लिहिले. एकदा पाच लिहिला, तेव्हा मॅनेजरने कोंबडीविष्ठेचे ट्रक दोन दिवस परत पाठवले. सबंध आयुष्यात निंबाचं एवढं कोणी ऐकलं नव्हतं.

मग शर्वरी म्हसकर आल्या. सूक्ष्मजीवशास्त्रातल्या डॉक्टर, पस्तिशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी भुसा आणला.

तसा भुसा आधीही होता. प्लांटमधली घाण हवा नारळाच्या काथ्याच्या आणि लाकडी भुशाच्या ओल्या थरातून सोडायची, त्यावर राहणारे जिवाणू वास खाऊन टाकतात, हे जुनं शास्त्र. पण ते जिवाणू लाडावलेले होते. पाणी कमी पडलं की संपावर, ऊन वाढलं की संपावर. शर्वरीमॅडमनी प्रयोगशाळेत घडवलेली जात निराळी होती. ती कोरड्यात तग धरायची, धुळीबरोबर उडून नवीन जागी संसार थाटायची, आणि गंधकाचा वायू हवेत कितीही थोडा असला तरी शेवटच्या कणापर्यंत चाटूनपुसून खायची. मॅडमनी निंबाला एकदा मूठभर भुसा हातावर देऊन सांगितलं की आपण वास झाकत नाही, वासाचंच जेवण करतो. निंबाने भुसा हुंगला. त्याला लाकडाचा वास आला.

तीन आठवड्यांत वहीतला चार शून्यावर आला आणि तिथेच राहिला.

वापरून झालेला भुसा कंपनी फुकट वाटायची, आणि फुकट वाटलेली वस्तू खामखेडीने कधी नाकारली नव्हती. लोकांनी तो संडासात टाकला, कोंबड्यांच्या खुराड्यात टाकला, बुटांत घातला. कांद्याच्या चाळीखाली पसरला, कारण व्यापारी चाळीपाशी उभा राहून नाक वर करायचा आणि सडीचा वास आला की भाव पाडायचा. आता तो नुसताच नाक वर करून उभा राहायचा. सगळ्यांत जास्त भुसा गेला तो शेणाच्या टाक्यांत. सरकारी योजनेतून घरटी एक पुरुषभर खोल सिमेंटची टाकी झाली होती. गोठ्यातलं शेण-मूत, घरातला ओला कचरा, सगळं त्यात. वरचं पातळ कंपनीचा टँकर ओढून न्यायचा. तळाचा घट्ट राबडा वर्षातून एकदा, वैशाखात, शिडी लावून आत उतरून बादल्यांनी काढायचा आणि पेरणीआधी शेतात घालायचा. दोनशे बारा टाक्या, आणि एकीलाही वास नाही. सरपंच भिकन शेवाळेंनी 'निर्गंध ग्राम' पुरस्कारासाठी अर्ज केला. असा पुरस्कार नव्हता. अर्ज गेल्यावर सुरू करण्यात आला.

लसणाच्या फोडणीचा वास येत नाही, अशी कुरकुर निंबाची बायको रंजना करायची. बायका म्हणाल्या, बियाणंच तसं निघालंय आताचं.

निंबाला पहिला धक्का त्याच्या सख्ख्या भावाच्या चाळीत बसला. दोधाआप्पा त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, भिंतीला भिंत लावून राहणारा, आईबापाच्या मागे निंबाचं लग्न लावून देणारा. भाव चढत होता, चाळ आता फोडावी की महिनाभर थांबावं, असं त्याने विचारलं. निंबाने चक्कर मारली आणि माल ठणठणीत आहे, थांब, म्हणाला. महिन्याने चाळ फोडली तेव्हा आतून काळं पाणी वाहिलं. दोधाआप्पाने त्या पाण्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं आणि घरात गेला. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद झालं. कालवणाच्या वाट्या तेवढ्या भिंतीवरून इकडेतिकडे जात राहिल्या.

नाक गेलं, असं निंबाने ठरवून टाकलं. वय झालं. पण तालुक्याच्या डॉक्टरने रॉकेल, कापूर, मोगरा, लवंग असं एकेक नाकाखाली धरलं आणि निंबाने सगळं डोळे मिटून ओळखलं. डॉक्टरांनी दुपारी भेंडी खाल्ली होती तेही. म्हणजे नाक जागेवर होतं. हवेतूनच काहीतरी गेलं होतं.

तो शर्वरीमॅडमकडे गेला. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. दोरीला गॅस मोजायचं यंत्र बांधून त्या त्याच्याबरोबर त्याच्या घरच्या टाकीवर आल्या. झाकण काढलं. आत राबड्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा धरला होता. यंत्र आत सोडलं, शून्य दाखवलं. मग मॅडमनी निंबाला दूर उभं केलं, तोंडाला मुखवटा चढवला आणि लांब काठीने पापुद्रा फोडून राबडा ढवळला. यंत्र किंचाळायला लागलं आणि त्याच्यातले आकडे संपले.

झाकण लावून मॅडम दूर ओसरीवर बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. वर येणारा वायू सायीतले जिवाणू खातात, त्याचं क्षार करून टाकतात. तो क्षार खाली झिरपतो. तळाला, जिथे हवा नाही, तिथे दुसरे जिवाणू असतात, जुने, आपल्या कोणाच्या हुकमातले नव्हेत. ते त्या क्षाराचा परत वायू करतात. वर खाल्लेलं खाली पुन्हा शिजतं. दहा महिने एक कणही बाहेर गेलेला नाही. साय आहे तोवर काही कळत नाही, आणि माणूस आत उतरून पहिली बादली बुडवतो तेव्हा साय फुटते.

"मग वास येईल ना," निंबा म्हणाला. "वास आला की माणूस वर येतो."

"नाही येत, निंबाकाका." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हा वायू थोडा असला की नाकाला कळतो. फार झाला की तो नाकाच्या नसाच बधिर करतो. वास येतो, दोनचार क्षणांत थांबतो. माणसाला वाटतं गेला. तो गेलेला नसतो, वाढलेला असतो. त्यानंतर एकदोन श्वास."

म्हणजे शून्य दोन असतात, असं निंबा त्या संध्याकाळी कुंपणाला फेरी मारताना मनाशी म्हणत राहिला. एक काहीच नसल्याचं आणि एक फार असल्याचं. वहीत दोन्ही सारखंच लिहायचं.

मॅडमनी वरच्या ऑफिसला अहवाल पाठवला. आठ दिवसांत उत्तर आलं. प्लांटमध्ये मुखवट्याशिवाय कोणी उतरत नाही, सबब धोका नाही; गावातल्या टाक्या हा गावाचा अंतर्गत प्रश्न आहे; आणि डॉ. म्हसकर यांची बढती होऊन बदली कच्छमध्ये झाली आहे.

वैशाख तोंडावर होता. निंबाने ग्रामसभेत उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरून सांगितलं की यंदा कोणी टाकीत उतरू नका, माझं नाक या कामाला आता उपयोगी नाही. मागून कोणीतरी म्हणालं की तुमचं गेलं असेल नाना, आमची आहेत. हशा पिकला. भिकन सरपंचांनी शांतपणे निंबाची वही मागवली आणि पानं उलटून दाखवली. दहा महिने, रोज तीन वेळा, शून्य, खाली सही. "यातली कुठली सही तुमची नाही तेवढं सांगा," ते म्हणाले. निंबाने पानं पाहिली. सगळ्या त्याच्याच होत्या, आणि सगळ्या खऱ्या होत्या.

सभेनंतर लोकांना एक नवीनच गोष्ट सुचली. वास नाही एवढंच ओळखायचं असेल तर त्याला बच्छाव कशाला लागतो? जो तो आपापल्या टाकीवर पालथा पडून श्वास घेऊ लागला आणि स्वतःलाच होकार देऊ लागला. नारळ वाचला.

पहिला मुहूर्त दोधाआप्पाने काढला. त्याच्या कामात उशीर कधी नसायचाच. निंबा भिंतीवरून पाहत होता. आप्पाने झाकण सरकवलं, शिडी आणली, धोतर खोचलं. निंबा भिंत ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि साय, क्षार, तळाचे जिवाणू असं सगळं घाईघाईने सांगू लागला. आप्पाने ऐकून घेतलं.

"चाळीच्या वेळी तू थांब म्हणालास, मी थांबलो," तो म्हणाला. "आता पुन्हा थांब म्हणतोस. तुझ्या थांबण्यात माझं वर्ष गेलं, निंबा. बाजूला हो."

आणि त्याने शिडी आत सोडली.

तेव्हा निंबाने ती गोष्ट केली जी कुठल्याच बच्छावाने केली नव्हती. तो टाकीच्या काठावर पालथा पडला, तीन श्वास घेतले, आणि तोंड वेडंवाकडं करून मागे सरकला. त्याला शेणाचा, सिमेंटचा आणि भावाच्या घामाचा वास आला होता. "मेलं ढोर फुटल्यासारखा येतोय," तो म्हणाला, आणि ओकारी आल्याचं सोंग केलं. ते त्याला चांगलं जमलं. "थांबा."

दोधाआप्पाचा शिडीवरचा हात सुटला. बापाच्या वेळेपासून त्या शब्दाला तो हात सुटतच आला होता. तो निंबाकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा असा काही सैल झाला की निंबाला बघवेना. "मला नाही आला," आप्पा म्हणाला. "तुला आला. म्हणजे नाक परत आलं तुझं." त्याने आत जाऊन नारळ आणला, भावाच्या हातात दिला, आणि त्या दुपारी दोन्ही घरांची पानं एकाच ओसरीवर मांडली गेली. रंजनाने जावेच्या, भागावहिनीच्या, हातचं पिठलं दोनदा मागून घेतलं. मी खोटं बोललो, हे सांगायला निंबाला त्या जेवणात जागा सापडली नाही. नंतरही नाही.

बातमी फिरली. बच्छावाला वास येऊ लागला म्हटल्यावर लोक पुन्हा बोलवायला आले. निंबा अठरा टाक्यांवर पालथा पडला आणि अठरा वेळा ओकारीचं सोंग केलं. खरं बोलून एक माणूस थांबला नव्हता. खोट्यावर अख्खी आळी थांबली. पण पुरस्काराची समिती सोमवारी येणार होती, आणि दोनशे बारा टाक्यांना मेल्या ढोराचा वास येतो अशी आवई निर्गंध गावाला परवडणारी नव्हती. भिकन सरपंच कर्तबगार माणूस. त्यांनी कंपनीच्या मॅनेजरशी बोलून सहा ट्रॅक्टर मिळवले, प्रत्येकाला लांब दांड्याची घुसळणी आणि मागे टँकर. कोणी आत उतरायचंच नाही. रविवारी सकाळी आठपासून एकेक आळी धरायची, टाक्या घुसळून राबडा पातळ करायचा आणि ओढून न्यायचा. बारापर्यंत गाव साफ. निंबानाना म्हणतात तेच आपण करतोय, असं ते म्हणाले, आणि त्यात खोट काढता येत नव्हती.

शनिवारी शर्वरीमॅडम सामान बांधून निघाल्या होत्या. निंबाने त्यांना रस्त्यातच गाठून सांगितलं. त्या गाडीतून खाली उतरल्या. एक टाकी घुसळली तर अंगणापुरतं, त्या म्हणाल्या, सगळ्या एकदम घुसळल्या तर हा वायू हवेहून जड आहे, तो गल्ल्यांतून पाण्यासारखा सखल भागाकडे वाहील. सहा मुखवटे त्यांच्या गाडीत होते. ते त्यांनी ड्रायव्हरांसाठी दिले. बाकी गाव आठ ते बारा गावात असता कामा नये, काहीही करा, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, मी पुन्हा लिहीन वरती. आणि गेल्या.

सहाशे माणसं गावाबाहेर काढायची तर भीती उपयोगाची नव्हती, ते ग्रामसभेत कळलं होतं. रंजना म्हणाली, जेवायला बोलवा. निंबाने शनिवारी संध्याकाळी दवंडी दिली: नाक परत आलं म्हणून नवस फेडायचाय, रविवारी सकाळी सातपासून टेकडीवरच्या म्हसोबाला गावजेवण, चूलबंद आवतण, घरटी सगळ्यांनी यायचं. कारण कोणी विचारलं नाही. बुंदी आहे का, एवढंच विचारलं. आजारी माणसं बैलगाड्यांतून आणली, गुरं मोकळी सोडून वर हाकलली, आणि साडेसातला टेकडीवर पहिली पंगत बसली तेव्हा निंबाला गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. सरपंचही आले, पंगत त्यांनी कधी चुकवली नव्हती.

आठ वाजता खाली ट्रॅक्टर सुरू झाले. वरून सगळं खेळण्यातल्यासारखं दिसत होतं. निंबा वरणाची बादली घेऊन पंगतीतून चालला होता. भागावहिनीच्या पानाशेजारचं पान रिकामं होतं.

"ते मागून येतो म्हणाले," वहिनी म्हणाली. "ड्रायव्हर टाकीची भिंत फोडेल म्हणून उभे राहिलेत. आपली टाकी झाली की निघतीलच."

निंबाने बादली तिथेच ठेवली आणि फोन लावला. चार वेळा वाजून आप्पाने उचलला. मागे घुसळणी फिरत होती.

"अरे तू वाढ तिकडे, मी आलोच."

"आप्पा, ते सोड आणि आत्ताच्या आत्ता टेकडीकडे नीघ."

"एवढा घाबरतोस काय. वास आला की निघतो मी. तूच म्हणालास ना, मेल्या ढोरासारखा येतो. तेवढं मलाही कळेल की, मीपण बच्छावच आहे."

"मी खोटं बोललो, आप्पा. त्या दिवशी मला कसलाच वास आला नव्हता. तू उतरू नयेस म्हणून बोललो. वासाची वाट बघू नकोस, पळ."

आप्पा हसला. लहानपणी निंबा झाडावरून उतरायला घाबरायचा तेव्हा हसायचा तसा.

"आता माझ्यासाठी खोटं बोलतोस होय. अरे, वास आलाय की. हा काय आला. अंड्यासारखा, तू सांगितलास त्याहून वाईट. थांब, ड्रायव्हरला हाक मारतो, तो मुखवटा घालून बसलाय, त्याला काय—" तो खोकला. खोकला बराच होता. मग त्याचा आवाज आला, मोकळा, बरं वाटलेला. "गेला रे. बंद झाला. आता काहीच नाही, निंबा, अगदी स्वच्छ. उगाच जीव—"

निंबा ओरडला. ते फोनपलीकडे कोणाला ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही. पंगतीला ऐकू गेलं, आणि हातातले घास हातातच राहिले. सगळ्यांनी खाली गावाकडे पाहिलं, आणि कितीतरी जणांनी नकळत नाक वर करून श्वास घेतला. फोनमधून घुसळणीचा आवाज येत होता, एकसुरी, कोणी बंद न केलेल्या यंत्राचा.